निरोगी माणूस पाहिजे

नारायण पेठेत आजारी माणूस शोधायला कष्ट लागत नाहीत. कुणालाही "कसे आहात?" विचारा, गुडघ्यापासून सुरुवात होते. पण निरोगी माणूस शोधून दाखवा! मी शोधलाय, म्हणून सांगते.

माझ्या ताईला शाळेत असताना ताप आला. साधाच, आला आणि गेला. काही महिन्यांनी फिट येऊ लागल्या. तेव्हापासून नातेवाइकांनी ग्रहण, नजर, आईचं तिन्हीसांजेला केस मोकळे सोडणं अशी एकेक कारणं शोधून काढली. आई सगळी ऐकून घेते आणि थोडी थोडी खरीही मानते, हे मला सर्वांत जास्त चीड आणणारं. त्यामुळे विषाणूच्या जुन्या संसर्गाचा फिट येण्याशी, मेंदूला इजा होण्याशी संबंध आहे का, याचा अभ्यास शहरातल्या एका रुग्णालयात सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा ताई लगेच तयार झाली. "उत्तर मिळो न मिळो," ती म्हणाली, "कुणीतरी प्रश्न तरी धड विचारतंय."

मी चळवळीत वाढलेली. पत्रक लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. अभ्यासाच्या डॉक्टरबाईंकडे मी पत्रक तयार करूनच गेले. मथळा होता, "फिट म्हणजे करणी नव्हे, विषाणूचा हल्ला!"

"हे आपल्याला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"असणारच की."

"मग मी लोकांचं रक्त कशाला गोळा करत बसले असते? मेंदूज्वरानंतर फिट येऊ शकतात, हे माहीत आहे. तुमच्या ताईसारख्या साध्या तापाचं माहीत नाही. तिच्या रक्तात जुन्या विषाणूच्या खुणा मिळाल्या, आणि शेजारच्या ठणठणीत मुलीच्या रक्तातही त्याच मिळाल्या, तर?"

मला भयंकर राग आला. आणि मथळा मीच खोडला.

म्हणून नियम असा, की प्रत्येक रुग्णामागे एक निरोगी माणूस हवा. बाईला बाई, साधारण त्याच वयाची, त्याच भागातली, म्हणजे तेच खडकवासल्याचं पाणी पिणारी आणि त्याच डासांनी फोडून काढलेली. नात्यातली चालत नाही, त्यामुळे मी बाद. महिनाअखेरपर्यंत कुणी मिळालं नाही, तर ताईचं नाव वगळणार.

नवा मथळा बाईंनीच सांगितला. "विषाणूचा आणि फिटचा संबंध आहे का? शोधायला मदत करा." इतकं गुळमुळीत वाक्य माझ्या नावावर आजवर नव्हतं. खाली मात्र मी ठणकावून लिहिलं की फिट आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही कोंबू नका, कुशीवर वळवा.

आमच्याच इमारतीपासून सुरुवात केली. तळमजल्यावरच्या काकांना त्यांच्या सुनेबद्दल विचारलं.

"आजार तुमच्या बहिणीला, आणि रक्त आमच्या सुनेचं? छान."

"अहो काका, विज्ञानासाठी..."

"कागद ठेवून जा. मागची बाजू कोरी आहे ना?"

होती. संध्याकाळी त्या कोऱ्या बाजूवर "येथे गाडी लावू नये. समजत असेल तर." असं लिहून तो त्यांच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटलेला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडे तसलं काही नाही हं."

"म्हणून तर तुमची मुलगी हवीय, काकू! जिला काही नाही, तीच हवीय."

"काही नाही तर दवाखान्यात कशाला पाठवू? तिचं बघायचं चाललंय. कुणी पाहिलं म्हणजे?"

मी अज्ञानावर दोन खणखणीत वाक्यं बोलले. दार उरलेलं अर्धंही बंद झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीनं मला जिन्यात गाठलं. "मी येते. आईला बोलू नकोस." आनंदानं मी तिला स्कूटरवर घालून नेलं. प्रश्न विचारायला तिला एकटीला आत घेतलं. पाच मिनिटांत ती बाहेर.

"झालं?"

"मी चालत नाही म्हणाल्या. म्हणजे चालते, पण ताईच्या बाजूनं."

मला कळेना.

"अगं, मलाही येतात. कॉलेजपासून. गोळ्या कॅल्शियमच्या डबीत असतात."

"मग आलीस कशाला?"

"एकदा निरोगी म्हणून बसून बघावं म्हटलं. पण त्या बाईंनी इतकं सहज विचारलं ना, चहात साखर किती विचारतात तसं. खोटं सुचलंच नाही."

आजार लपवण्याविरुद्ध माझं अख्खं भाषण पाठ होतं. मी तोंड उघडलं.

"पत्रक नको," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. (हे सगळं लिहायची परवानगी तिचीच. काकूंना तिनंच सांगितलंय, त्या अजून माझ्याशीच बोलत नाहीत.)

म्हणजे हिशेब काय? एक निरोगी शोधायला गेले आणि आता दोन हव्या होत्या. महिना संपत आला. ताई खराडीहून ऑफिस करून यायची, माझं तोंड बघायची आणि विचारायची, "पुण्यात सगळेच आजारी का गं?" हसायची, पण बॅगेतली रुग्णालयात यायच्या तारखेची चिठ्ठी तिनं काढून टाकली नव्हती.

आणि मग तळमजल्यावरची सून आमच्या दारात उभी. "अहो, तुमच्या पत्रकाची छापील बाजू आमच्या ओट्याकडे आहे. रोज फोडणी टाकताना कांदा हुंगवू नका, कांदा हुंगवू नका! डोकं उठलंय माझं. येते मी. पण तो कागद काढायला सांगा."

कागद काकांनी काढला नाही. ती आली मात्र. ताईला जोडी मिळाली, नाव राहिलं.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं काय? तिच्या नात्यातली मी थोडीच होते! मीच बाही वर केली. पेठभर रक्त मागत हिंडलेली मी. स्वतःच्या दंडाला पट्टी आवळलेली आणि सुई पाहिली, आणि पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी बाकावर कुशीवर होते. दुसऱ्या मजल्यावरची ती शेजारी उभी.

"पत्रकाप्रमाणेच वळवलंय," ती म्हणाली. "कांदा आणू का?"

रक्त घेणारी मुलगी घाबरून आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. "तुमच्यातली निरोगी कोण म्हणालात?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.