चार थर

एखादी पट्टी तुमच्या डोळ्यांसमोर मोडली, आणि छापील तक्ता म्हणाला की ती इतक्यात मोडूच शकत नाही, तर तुम्ही कुणाचं खरं मानाल? मी तक्त्याचं मानलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, युनियनमधल्या सोबत्यांनाही नाही.

मी पत्रकांवर वाढलो. दहिवलीच्या आमच्या घरात पुस्तकं नव्हती, युनियनची पत्रकं होती. पुढे मीच ती लिहू लागलो. मालक लोकांच्या जिवाशी खेळतो — हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल?

पोटासाठी खालापूरजवळच्या एका फायबरच्या शेडमध्ये ड्रॉइंग करायचो. धरणापलीकडच्या वाडीसाठी बोट करायची होती. काचतंतूंची मॅट रेझिनच्या चिकट रसात भिजवून, रोलरने दाबत थरावर थर चढवतात; किती थर लावायचे, ते मी ठरवणार होतो. रेझिनबरोबर आलेल्या पुस्तिकेतल्या तक्त्यात ताकदीचा आकडा होता. तो धरून मी चार थर पुरतील असा हिशेब काढला, आणि सगळ्यांसमोर ठासून सांगितला.

मग नमुन्याच्या तीन पट्ट्या केल्या. दोन विटांवर पट्टी आडवी ठेवायची, मधोमध वजनं टांगायची. तिन्ही पट्ट्या त्या आकड्याच्या निम्म्यावरच मोडल्या. रोलर फिरवणाऱ्या सुगंधाताईंनी तुकडा उजेडात धरला. आत दुधासारखं पांढुरकं.

"मॅट ओली हाय. पावसाळी हवा. तुझ्या पुस्तकानं कंदी इथं रोलर फिरवलाय का रं?"

सगळे हसले. मी चिडलो. पट्ट्याच वाईट कापल्यात, म्हणालो.

मालकांनी विचारलं, "दोन थर वाढवू या का?"

मालकांनी! माझ्या पत्रकांतला मालक असं विचारत नसे. त्याला काय उत्तर द्यायचं, हे कुठे लिहिलेलं होतं? मी नको म्हणालो. तुकडे भंगारात टाकले. का — ते अजूनही उलगडत नाही. आकडा खरा वाटत होता? की या माणसापुढे माझं चुकलं, एवढंच म्हणवत नव्हतं?

बोट चार थरांचीच झाली, वाडीला गेली. काही महिन्यांनी मी तिच्यातूनच वाडीवर गेलो, हक्कांवर भाषण करायला. बरोबर बाजार करून निघालेल्या बायका. मध्यावर माझ्या पायाखाली तळ आत दबला, आणि परत वर आला — तेलाच्या डब्याचा पत्रा दबतो तसा.

"भ्यालास का रं भाऊ?" एकीने विचारलं. मी हसलो.

भाषण केलं, टाळ्या घेतल्या. आणि परतताना लांबचा वळसा घेऊन धरणाच्या भिंतीवरून चालत आलो. त्या बायका रोज त्याच बोटीत बसत राहिल्या. मी कुणाला काहीही बोललो नाही.

पुढे शेड बंद पडली. वाडीला रस्ता झाला, बोट विकली गेली. कुणाला, ते कळलं नाही. बुडाल्याचं ऐकलं नाही — पण मी कधी विचारलं तरी कुठे?

ती बोट हिरवी आहे. पुढे निमुळती, बसायला दोनच आडव्या फळ्या. तुमच्याकडच्या पाण्यावर दिसली तर काठावर ओढून घ्या, पालथी करा आणि तळ मधोमध टाचेने दाबून बघा. दबला, तर तिच्यात कुणाला बसू देऊ नका.