खळीखालचं कार्ड

आमच्याकडे मरणाची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथंच फाडतात. धाकटा भाऊ पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर होता. तो वारल्याचं कार्ड गुलबर्ग्याला, मी नोकरीला होतो त्या पेपरच्या कचेरीत आलं. मी ते बसवकल्याणला घरी नेलं, त्याच्या बायकोला दारात वाचून दाखवलं आणि फाडलं.

त्याच्या सहा दिवस आधी आणखी एक कार्ड आलं होतं. ताप उतरत नाही, कुणीतरी लवकर या, असं त्याच्या सोबत्यानं लिहिलं होतं. निवडणुकीची पानं चालू होती. रविवारी जाऊ असं ठरवून मी ते खणात ठेवलं. हे घरी सांगितलं नाही. आजारपणाच्या कार्डाचं काय करायचं, याची आमच्याकडे रीत नाही.

दोन महिन्यांनी झोप गेली. मथळ्यांत चुका होऊ लागल्या. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, रंग, जुने कागद, चिंध्या, हाताला लागेल ते पुठ्ठ्यावर चिकटवा. चित्र कशाचं, हे ठरवू नका. “सोचना नक्को,” त्या म्हणाल्या. “हात को जाने दो.”

रजा घेऊन घरी आलो. कचेरीत पानं चिकटवायची सवय, हात तसाच चालला. पहिल्या पुठ्ठ्यावर आठ कॉलम पडले, कडा सरळ, मध्ये सारखी जागा.

“अण्णा, घरातच पेपर काढायलाव की,” भावाची बायको म्हणाली. तो गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

चौथ्या पुठ्ठ्याला पट्टी बाजूला ठेवली. कागद हातानं फाडले. काव लावली, सिमेंटच्या पिशवीचा कागद लावला, सुतळी लावली. खणातलं आजारपणाचं कार्ड येताना खिशात घातलं होतं. तेही चिकटवलं, अक्षरं वर ठेवून. तसं का, ते तेव्हा ठरवलं नव्हतं. त्यावर पातळ कागद लावला आणि चुन्याचे तीन हात दिले.

त्या आठवड्यात झोप लागली. बाईंना चित्र दाखवलं. पांढऱ्या भागावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, इथं काय आहे? काही नाही, मी म्हणालो. त्यांनी वहीत सुधारणा असल्याची नोंद केली.

ते चित्र भावाच्या बायकोनं मागून घेतलं आणि चुलीच्या खोलीत टांगलं. नवऱ्याच्या कामावरच्या शर्टाचा रंग असाच होता, असं तिचं म्हणणं. मी नको म्हणालो नाही.

कचेरीत चिकटवायची खळ करताना मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. माझी खळ नुसत्या मैद्याची होती. पावसाळ्यात झुरळांनी वरचा कागद चुन्यासकट खाल्ला.

मी सुट्टीवर आलो तेव्हा ती पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. तिची शाळा कानडी. मराठी ती एकेक अक्षर लावून वाचते. ताप. लवकर या. वरच्या कोपऱ्यात तारीख, तिला पाठ असलेल्या, तो गेला त्या तारखेच्या पाच-सहा दिवस आधीची. तिनं आवाज चढवला नाही.

“हे फाडायचं ऱ्हायलं का वो, अण्णा?”

व्हय, मी म्हणालो.

तिनं पुठ्ठा पुसला आणि त्याच खिळ्याला परत लावला. तेव्हापासून माझं ताट ती आत न वाढता ओसरीवर आणून ठेवते. मी चुलीच्या खोलीत जात नाही.