नारळाच्या मापाचं टोपडं

लासुर्ण्याचे हिंदुराव गेली बावीस वर्षं ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस घालतात, असं आपण म्हणतो. खरं तर ते वाट बघतात. ऊस आणायला दोन तास पुरतात. कारखान्यात ऊस ओततात त्या गव्हाणीवर ट्रॉली रिकामी करायचा नंबर यायला कधी वीस तास लागतात, कधी तीस.

एवढी वाट बघून दुसरा एखादा संत झाला असता. हिंदुराव दर हंगामाला आणखी तापट होत गेले. चहा गार आला तर भांडण, आणि गरम आला तर जीभ भाजली म्हणून भांडण. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, तर ती गिळताना लवकर उतरत नाही म्हणून गोळीवरही ओरडले.

शेवटी कुशाबाईंनी नवऱ्याच्या हातात विणायच्या दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला. “तोंड उघडायच्या आदी एक ओळ विणायची. मग काय बोलायचं ते बोला.”

हा उपाय दोन वर्षं उशिरा आला. लेकीच्या, सोनमच्या पहिल्या दिवाळसणाला जावई ऋषिराज एमआयडीसीतली पाळी संपवून मोटारसायकलवर दीड तास उशिरा पोचले, तेव्हा सासरे जेवून हात धूत होते. भरल्या घरात हिंदुराव म्हणाले, “वाट बघाया मी काय गव्हाणीवर हाय?” सोनम ताटावर बसलीच नाही. पिशवी उचलून नवऱ्यामागं गाडीवर बसली. त्यानंतर ती माहेरी आली नाही, पहिल्या बाळंतपणालाही नाही. कुशाबाईच लेकीकडं बारामतीला जाऊन राहिल्या. नातीचं नाव स्वराली ठेवलं, हे आजोबांना मोबाईलवर कळलं.

तेव्हा त्यांनी टोपडं विणायला घेतलं.

“डोकं केवढं हाय?” त्यांनी फोनवर विचारलं.

“डोक्याएवढं,” कुशाबाई म्हणाल्या. मागं बाळ रडत होतं, त्यामुळे फोन ठेवला गेला.

मग हिंदुरावांनी एक सोललेला नारळ आणला. स्टिअरिंगशेजारी तो ठेवायचा, दोन ओळी विणायच्या, लावून बघायचं. टाका निसटला की उसवायचं. रांगेतल्या ड्रायव्हरांचा सगळा अड्डा बघायला यायचा.

“तात्या, नारळाचं बारसं कदी?” बिरदेव नावाचा ड्रायव्हर विचारायचा.

हिंदुराव उत्तर देण्याआधी ओळ विणायचे. ओळ संपेपर्यंत बिरदेव निघून गेलेला असायचा. शिव्या आतच राहायच्या आणि टाक्यांत उतरायच्या. टाके इतके घट्ट पडायचे, की सुई आत शिरेना. एकोणीस दिवसांनी जे तयार झालं, ते टोपडं कमी आणि हेल्मेट जास्त होतं. नारळाला मात्र फार शोभत होतं.

बिरदेवचा भाऊ बारामतीला असतो. बिरदेव त्याला भेटायला निघाला, तेव्हा हिंदुरावांनी टोपडं बिरदेवकडं दिलं. तीन दिवसांनी, भर दुपारी, ते बिरदेवच्या पिशवीतून परत आलं.

“बसलं न्हाय, तात्या. कानाच्या वरच अडाकलं. पोरगी लई रडली.”

हिंदुरावांचा चेहरा लाल झाला. हात फोनकडं गेला. एकदा बोलले असते, की पुढची दहा वर्षं लेकीचं दार बंद झालं असतं. अड्डा बघत राहिला. हिंदुरावांनी फोन तसाच खिशात ठेवला. त्यांना अचानक फार दमल्यासारखं झालं.

“आत बगा की,” बिरदेव म्हणाला.

टोपड्यात पांढरा दोरा होता, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. डोक्याचं माप.

“कुणी घेतलं? कुशीनं?”

“न्हाय, सोनमताईनं. पोरगी हलत हुती, म्हणून दोनदा घेतलं. आन म्हणली, आता दुसऱ्या कुणाच्या हाती धाडू नगा. आमच्या आण्णांना म्हणावं, सोता घिऊन या.”

हिंदुरावांनी टोपड्याचं टोक शोधून ओढलं. एकोणीस दिवसांचं काम दहा मिनिटांत मांडीवर येऊन पडलं. उसवायला नंबर लागत नाही.

दोरा नारळाला गुंडाळून बघितला. चार बोटं जास्तच भरला. नव्यानं टाके घातले, या खेपेला सैल. बोटं दुखत होती, मान अवघडली होती, पुढं एकशेबारा ट्रॉल्या होत्या. नंबर उद्या लागणार, मग घर, अंघोळ, मग बारामती. तोवर निदान कानापर्यंत तरी विणून व्हायला हवं होतं.

सहाव्या ओळीवर त्यांचे डोळे मिटले. रांग हलली, मागून हॉर्न वाजायला लागले. बिरदेव धावत आला. त्यानं हातवारे करून मागच्यांना गप्प केलं, हिंदुरावांना हळूच बाजूला सरकवलं, सुया टोचणार नाहीत अशा धरल्या आणि त्यांचा ट्रॅक्टर स्वतःच एक ट्रॉलीभर पुढं घेतला.