छापील पाणी

आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याची जेवढी बडदास्त ठेवली गेली तेवढी नव्या जावयाचीही कोणी ठेवत नाही. पंच्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही सगळे एका गळक्या कूलरसमोर घामाघूम व्हायचो आणि त्या यंत्राला स्वतंत्र खोली, एसी, दाराला पडदा. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. दसऱ्याला साहेबांनी त्याला हार घालून नारळसुद्धा फोडला. माणसांना प्यायला धड माठ नव्हता, पण यंत्राची आरती तेवढी राहिली होती.

हे यंत्र चालवायची आमची टायपिस्ट, प्रेमिला रामटेके. आम्ही तिला ‘पुजारीणबाई’ म्हणून चिडवायचो. ती बौद्ध घरातली, जाम खवळायची. तिची आई प्रयागबाई उमरेडकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. शेतमजुरी करून त्यांनी लेकीला टायपिंग शिकवलं होतं. छप्पन साली त्या नागपूरला दीक्षेला आल्या आणि परत गेल्यावर पाटलाच्या विहिरीवर पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. तिथे पाटलाची बाई लांबून, वरून पाणी ओतायची. त्यापेक्षा नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं पाण्याचा गुंड भरलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. पुढे वस्तीत सरकारी हातपंप लागला, तेव्हा त्याच्या ओट्याला चुना प्रयागबाईंनीच फासला.

आमच्या कचेरीचं काम या हातपंपांचंच. तालुक्याहून दर पंपाचं कार्ड यायचं, चालू की बंद. प्रेमिला ते यंत्रात भरायची आणि तिमाही संपली की खर्रखर्र करत जिल्ह्याचा रिपोर्ट बाहेर पडायचा. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून चालू पंपापुढे ‘वर्किंग’. तालुक्याचे बाबू म्हणजे आळसाचे पुतळे. कितीतरी कार्डं यायचीच नाहीत आणि तेवढ्या जागा कोऱ्या छापल्या जायच्या.

त्या पाहून आमच्या मनोहरराव साहेबांचं डोकं उठलं.

“प्रेमिलाबाई, हा रिपोर्ट मुंबईले जाते. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसून राहिला. जिथं काही नाही, तिथं वर्किंग येऊ द्या.”

“पण सर, पंप बंद असला तर?”

“बंद असता तर तक्रार नसती का आली?”

प्रेमिलानं यंत्रात तसा हुकूम घातला. न घालून सांगते कोणाला! मग काय, रिपोर्ट कसा भरगच्च निघाला. मरून कापडाची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एकेक प्रत तालुक्यांना गेली. मला तर त्या बाडाला हात लावायचीही किळस यायची.

पुढच्या होळीनंतर प्रयागबाईंच्या वस्तीतला पंप बंद पडला. त्या तालुक्याला तक्रार द्यायला गेल्या, तर बाबूनं आमचा रिपोर्ट उघडून, कार्ड न येताच छापलेल्या ‘वर्किंग’वर बोट ठेवलं आणि त्यांना हाकललं. मिस्त्री पाठवायचा तर कार्डावर ‘बंद’ हवं, आणि हे महाशय कार्ड भरणार ते रिपोर्ट बघून! या अकलेवर थुंकावंसं वाटतं.

भर मे महिन्यात प्रयागबाई रिकामा गुंड कमरेवर घेऊन आमच्या कचेरीत आल्या. प्रेमिला त्यांना घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. मागोमाग मीही गेले. साहेबांनी बाड उघडलं.

“हे पाहा बाई, छापून आहे. तुमचा पंप चालू आहे.”

“मीनं सोता हापसून पाह्यलं गा साहेब. थेंब नाही.”

“मग मशीन खोटं बोलते काय?”

प्रयागबाईंनी लेकीकडे पाहिलं. प्रेमिलाची मान खाली गेली.

“माय, ते मीच छापलं.”

प्रयागबाईंनी कमरेवरचा गुंड उघड्या रिपोर्टावर आदळला.

“मंग भर गा साहेब. याच्यातूनच भर. सारी वस्ती तहानली हाये.”

साहेब चक्क हसले! वर शिपायाला म्हणाले, बाईंना गार पाणी आण. पेला आला. प्रयागबाईंनी त्याला शिवलंही नाही. गुंड उचलून त्या लेकीला म्हणाल्या, “पाटलाची बाई वरतून टाके, तरी ते पाणी होतं वं.”

आई गेल्यावर प्रेमिला तडक यंत्राच्या खोलीत शिरली. त्या दिवशी तिनं चपलाही काढल्या नाहीत. साहेबांचा तो हुकूम खोडून तिनं सगळा रिपोर्ट नव्यानं छापला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. पानापानावर कोऱ्या जागा. “सर, खरा हा आहे.” साहेबांनी तो शिपायाच्या अंगावर भिरकावला. दुसऱ्या दिवशी प्रेमिला आवक-जावकला पाकिटं चिकटवत बसली होती आणि यंत्रावर नवा माणूस होता.

तो खरा रिपोर्ट शिपायानं रद्दीत विकला. काही दिवसांनी समोरच्या टपरीवर मी पोहे मागवले, तर ते त्याच कागदावर आले. कोऱ्या जागांमधून पोह्यांवरची लाल तर्री पसरत होती. मी तो कागद पोह्यांसकट बाजूला सारला. तिकडे प्रयागबाई पुन्हा नदीत झिरा खोदत होत्या, आणि इकडे साहेबांच्या मरून बाडात त्यांच्या वस्तीचा पंप झकास चालू होता.