पाकिटामागची बारीक अक्षरं

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला अकरा वर्षं झाली होती. सगळे तिला सावकाशबाई म्हणायचे. कोणी घाई केली की ती म्हणायची, "सावकाश. पोटात जायचंय ते." विकतचं गोड पानात वाढायचं नाही, हा तिचा हट्ट.

वर्षअखेरच्या सुट्टीला आजी-आजोबांचे नातेवाईक जेवायला यायचे. त्या दिवशी सकाळी नऊलाच ओव्हन बंद पडला. आत चार केक, चारही आतून कच्चे. दुरुस्तीवाला म्हणाला, परवा येतो. साडेबाराला पन्नास माणसं जेवायला बसणार होती.

"दुकानातून काहीतरी आणा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आज हट्ट नको."

तिने मुकाट्याने पिशव्या उचलल्या. बिस्किटांचे बारा पुडे, तयार कस्टर्ड, डब्यातली फळं, क्रीम. आल्या आल्या बिस्किटं परातीत कुटली, चुरा वाट्यांच्या तळाशी दाबला, वर कस्टर्ड, त्यावर फळं आणि क्रीम. तासाभरात पन्नास वाट्या फ्रीजमध्ये गेल्या. इतक्या झटपट झालं याची तिला जरा लाजच वाटली.

जेवणं उरकत आली, तशा वाट्या हॉलमध्ये गेल्या. ती ओटा आवरायला लागली. पुड्यांचे कागद गोळा करताना हात थांबला. अकरा कागद पिवळे होते, एक तांबूस. एक पुडा कमी पडला म्हणून दुकानदाराने दुसराच घातला होता. तिने चष्मा पुसून मागची बारीक अक्षरं वाचली. शेंगदाण्याचा कूट.

तिने हॉलच्या दाराकडे पाहिलं.

खिडकीजवळच्या टेबलावर मास्तर बसायचे. दाणा पोटात गेला की त्यांचा घसा सुजायचा. सहा वर्षांपूर्वी त्यांना एकदा स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं. तेव्हापासून तिने या स्वयंपाकघरात दाणा येऊ दिला नव्हता. आणि आज सगळा चुरा एकाच परातीत होता.

ती धावली. हॉलमध्ये गलका होता. मास्तरांच्या हातात चमचा, शेजारी त्यांची मुलगी काहीतरी सांगत होती. तिने जाऊन वाटीवर सरळ पंजा ठेवला.

"खाल्लंत?"

"वरचं क्रीम चाटलं फक्त. का हो?"

"यात दाणे आहेत."

मुलगी ताडकन उठली. पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन काढून तिने हातात धरलं. मॅनेजरबाई कुजबुजल्या, "शांतपणे वाट्या उचला, पाहुण्यांना कळायला नको." पण सावकाशबाई हॉलकडे वळली होती.

"वाट्या खाली ठेवा. बिस्किटांत दाणे आहेत. मी पाकीट वाचलं नाही, चूक माझी आहे."

मॅनेजरबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत वीस मिनिटं मुलीने बापाचा हात सोडला नाही. मास्तर दर दोन मिनिटांनी गिळून बघत आणि मान हलवत. शेवटी डॉक्टरांनी टॉर्च विझवला. "काही नाही. पण तासभर नजर ठेवा."

चार वाजता मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. सावकाशबाई बोलणी ऐकायच्या तयारीने उभी राहिली.

"बाबा गोड मागतायत," मुलगी म्हणाली.

दोघींनी मिळून फळांचा नवा डबा फोडला. धुतलेली वाटी पुन्हा धुतली. मास्तर खाऊ लागले, तशी सावकाशबाई समोर उभीच.

"बसा की," ते म्हणाले.

ती बसली नाही. वाटी रिकामी होईपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली.