नको, ठेवा

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे कुलूपकाका म्हणत. किल्ली हरवलेलं कुलूप ते कानाने उघडायचे. तार आत सारायची, डोळे मिटायचे आणि एकेक पिन कुठे बसते ते ऐकायचं. हात गुंतलेले, म्हणून फोनचं कानातलं यंत्र असं लावून घेतलेलं की आलेला फोन आपोआप उचलला जाई. घराबाहेर अडकलेली माणसं शेजाऱ्याच्या, वॉचमनच्या, कुणाच्याही फोनवरून बोलवत. अनोळखी नंबरांवरच त्यांचं पोट होतं.

काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. नव्या किडनीसाठी हॉस्पिटलच्या यादीत नाव लावताना सिस्टरने बजावलं, फोन कुठल्याही नंबरवरून येईल, अर्ध्या तासात होकार आला नाही तर किडनी पुढच्या पेशंटला. आणखी एखादा नंबर द्या, म्हणाली. काकू म्हणाल्या, "कशाला? आमचे हे एकही फोन सोडत नाहीत."

फ्लॅटवाले, विमावाले, पाण्याच्या फिल्टरवाले आधीपासून होतेच. काका अदबीने सांगायचे, "नको, ठेवा." काकू चिडवायच्या, माझ्यापेक्षा त्या फोनवरच्या पोरींशीच जास्त बोलता.

मग एकदा एका रेकॉर्ड केलेल्या आवाजाने सांगितलं, असे फोन नको असतील तर नऊ दाबा. काकांनी सरळ मनाने नऊ दाबलं. दुसऱ्या दिवसापासून फोनांची रांगच लागली.

भाच्याने कपाळावर हात मारला. "मामा, तुम्ही त्यांना कळवलंत की इथे फोन उचलणारा माणूस आहे."

अनोळखी नंबर सरसकट बंद करता येईनात. शेवटी भाच्याने खटपट करून दिली. यंत्रावर दोन टिचक्या मारल्या की फोन कट आणि तो नंबर कायमचा बंद. काकांच्या बोटांना आठवड्यात सवय झाली.

मग एका दुपारी एक गोड आवाज म्हणाला, "सर, मॅडमचं डायलिसिस कसं चाललंय?"

काकांच्या हातातली तार थांबली. पेशंटसाठी खास पावडर विकायची होती तिला. हे हिला सांगितलं कुणी? दोन दिवसांनी चाकाच्या खुर्च्या विकणाऱ्याचा फोन आला, मग गोळ्यांवालीचा. प्रत्येकाला काकूंचं वय ठाऊक होतं. काकांनी घरी अवाक्षर काढलं नाही. फक्त टिचक्या आधीपेक्षा लवकर पडू लागल्या.

गुरुवारी ते एका बाईंच्या कपाटापुढे गुडघे टेकून बसले होते. चार पिना बसलेल्या, पाचवी हुलकावणी देत होती. कानात आवाज आला, "नमस्कार, आपल्या पत्नींच्या किडनीसंदर्भात..."

"नको, ठेवा."

दोन टिचक्या. पाचवी पिन बसली, कपाट उघडलं. बाईंनी चहा विचारला. काका तारा गुंडाळू लागले आणि मध्येच थांबले. फोनवरच्या त्या आवाजामागे काहीतरी वाजत होतं. दोन बारीक ठोके, जरा थांबून तिसरा. डायलिसिसचं मशीन. आठवड्यातून तीनदा ते त्याच्याशेजारी बसत होते.

त्यांनी फोन काढला. बंद केलेल्या नंबरांची यादी बोटाने सरकवत नेली तरी संपेना. नवा नंबर अगदी वर होता. तो तिसऱ्या प्रयत्नात मोकळा झाला. लावला. व्यस्त. पुन्हा पुन्हा लावला. व्यस्त. तो फोन कट करून तेवीस मिनिटं झाली होती.

एवढ्यात कानात टिक झालं. फोन आपोआप उचलला गेला. काका घाईघाईने म्हणाले, "हो, हो, आम्ही येतोय."

"अरे वा, सर," पलीकडची मुलगी खूश झाली. "मग फ्लॅट बघायला कधी येताय?"