हातभर शेजाऱ्याच्या दारात

निजामाच्या राज्यात, वाशीच्या बाजारगल्लीत पाणी जपून वापरायची रीत होती. जपानी मास्तर मात्र रोज सकाळी दुकानासमोर झाडून घ्यायचे आणि तांब्याभर पाणी हातानं शिंपडायचे. शेजारी आमचं भांड्यांचं दुकान. माझे सासरे दातांना मिश्री लावता लावता विचारायचे, "मास्तर, धुळीला न्हाऊ घालताव व्हय?" मास्तर हसायचे आणि शिंपडत राहायचे.

मास्तर धर्मानं मुसलमान, धंद्यानं शिंपी, आणि जपानी आम्ही केलेले. तरुणपणी मुंबईच्या एका रेशीम व्यापाऱ्याबरोबर ते जपानच्या कोबे शहरात गेले होते. लढाईची चिन्हं दिसू लागली तशी व्यापाऱ्यानं पेढी गुंडाळली आणि मास्तर गावी परतले. बायको कधीच वारली होती. एकटा जीव. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. मी नवी सून, दाराआड उभी राहून ऐकायची. ते त्यांना ठाऊक होतं, कारण गोष्ट रंगात आली की ते मामंजींकडं न बघता दाराकडं बघून बोलायचे.

गोष्ट एकाच गल्लीची. मास्तर बटणं शोधत निघाले आणि वाट चुकले. मोठ्या रस्त्यावर ट्रामचा गोंगाट, माणसांची रेटारेटी. एक वळण घेतलं आणि आवाजच मागं राहिला. अरुंद गल्ली, दारांवर निळे पडदे. लाकडी खडावांचं दुकान, फण्यांचं दुकान, घेवड्याच्या पुरणाची मिठाई करणारा एक म्हातारा, आणि छत्र्या दुरुस्त करणारी एक आजी. भाषा कळेना, तर आजीनं हाताला धरून बसवलं आणि बिनदुधाचा चहा पाजला. पुढं सुट्टीच्या दिवशी मास्तर तिथंच. विकत काही घ्यायचे नाहीत, नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायचे. ऐकून ऐकून मलाही त्या गल्लीतलं दुकान न् दुकान पाठ झालं. वाशीचा बाजार मी माडीच्या खिडकीतूनच पाहिला होता, पण कोबेत मला कुणी वाट विचारली असती तर सांगितली असती.

झाडायची रीत तिथलीच. आपलं दार झाडायचं आणि शेजाऱ्याच्या दारात हातभर पुढं जायचं. हातभरच. "जास्त झाडलं तर शेजाऱ्याला वाटतं, आपल्याला आळशी म्हन्तो. आन् अजिबात न्हाय झाडलं तर शेजार कसला?" मास्तर तसंच करायचे. आमच्या पायरीजवळ त्यांच्या झाडूची रेघ रोज दिसायची.

लढाईच्या शेवटी बार्शीहून आलेल्या वर्तमानपत्रात मामंजींनी वाचलं, विमानांनी कोबे जाळलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आप्पा, गल्ली राहिली असंल का?"

मामंजी म्हणाले, अख्खं शहर जळलं, गल्लीचं कोण छापणार? त्यानंतर मास्तर ती गोष्ट सांगेनासे झाले. झाडणं मात्र सुटलं नाही.

मग आमच्याकडंच आग लागली. निजामाच्या नावानं हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. घरं लुटली, माणसं मारली. आम्ही हद्दीपलीकडं, बार्शीला निघालो. मामंजींनी मास्तरांना चला म्हटलं. ते म्हणाले, "दारात कचरा साचला की चोराला धीर येतो. तुम्ही निर्धास्त जावा. दार झाडल्यालं राहील." मागाहून येणारे लोक सांगायचे, मास्तर बंद पडलेली सगळी दुकानं दारभर झाडतात. टोळीवाल्यांनी हटकलं, शिव्या घातल्या, तरी झाडतात.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. आमच्या दुकानाचं कुलूप शाबूत होतं. पायरीवर धुळीचा थर होता. तो पाहून मी वळून बघितलं. शेजारी मास्तरांच्या दुकानाच्या जळक्या फळ्या लोंबत होत्या. टोळ्यांचा सूड मुसलमानांवर उगवायला निघालेल्यांनी त्यांना सकाळी गाठलं, हातात झाडू असताना. मारणारे बाहेरगावचे होते, असं गल्लीत सगळे सांगतात. बाहेरगावच्यांना मास्तरांचं दुकान कुणी दाखवलं, ते मात्र कुणी सांगत नाही. मी विचारलं होतं. बायकांनी यात पडू नये, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी झाडू घेऊन खाली उतरले. लिंगायताच्या घरची सून भर बाजारात झाडते म्हणून माणसं थांबून बघत होती. आमचं दार झाडलं, मास्तरांच्या दारात हातभर गेले आणि थांबले. मामंजी मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

"थांबू नको," ते म्हणाले. "आता वाईट वाटायला कोण हाय तिथं? सगळं झाड."

त्या जागेवर पुढं दुसरं दुकान आलं. गल्ली आहे तिथंच आहे, बाजारही भरतो. मास्तरांनी कोबेबद्दल विचारलं होतं, तेच कुणी आज मला वाशीच्या गल्लीबद्दल विचारलं तर 'राहिली' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.